दुरुस्त केलेली संदर्भयादी पुन्हा का बिघडते? वर्ड आणि झोटेरोमधल्या नेहमीच्या तक्रारी

शोधनिबंध 'संदर्भ जर्नलच्या पद्धतीनुसार नाहीत' असा शेरा घेऊन परत येतो. मग यादीतल्या साठ नोंदी एकेक करून वर्डमध्येच नीट केल्या जातात. कुठे जर्नलचं नाव संक्षिप्त करायचं, कुठे मोठी अक्षरं लहान करायची, कुठे राहिलेला पृष्ठक्रमांक टाकायचा. दोन दिवसांनी सहलेखक चर्चेच्या भागात एक नवं सायटेशन, म्हणजे मजकुरातला संदर्भाचा उल्लेख, घालतो आणि सगळी यादी जशीच्या तशी मूळ पदावर येते. वर्डमध्ये दिसणारी यादी झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर दर रिफ्रेशला नव्याने लिहितं. तिच्यात हाताने केलेला बदल टिकेल अशी जागाच नसते, म्हणून दुरुस्ती जिथून यादी तयार होते तिथे करावी लागते.

यादी तीन ठिकाणांहून घडते. झोटेरोच्या लायब्ररीतली नोंद, जर्नलची स्टाइल म्हणजे सीएसएल फाइल, आणि वर्डच्या फाइलमधलं फील्ड, म्हणजे दिसणाऱ्या सायटेशनमागे लपलेला कोड. चूक यांपैकी कुठे आहे हे आधी शोधा. एक कोरी वर्ड फाइल उघडा, तीच स्टाइल निवडा, बिघडलेला संदर्भ तिथे घाला आणि यादी काढा. इथेही तीच चूक दिसली तर स्टाइल बदलून एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची लेखक-साल पद्धत) करून पाहा. चूक तशीच राहिली तर ती नोंदीत आहे. नाहीशी झाली तर स्टाइलमध्ये. कोऱ्या फाइलमध्ये सगळं नीट दिसत असेल तर दोष मूळ फाइलच्या फील्डमध्ये आहे. या चाचणीला एकच अपवाद: नावाआधी अचानक उगवणारी आद्याक्षरं आणि सालापुढचे ए, बी. ते इतर संदर्भांच्या सोबतीनेच येतात, त्यामुळे एकट्या संदर्भात दिसणार नाहीत.

बहुतेक तक्रारींचं मूळ नोंदीत सापडतं, म्हणून तिथूनच सुरुवात.

मजकुरात आडनावाआधी आद्याक्षरं येतात

एपीए पद्धतीत 'पाटील, २०१९' असं यायला हवं, पण येतं 'एस. आर. पाटील, २०१९'. एकाच आडनावाचे दोन वेगळे पहिले लेखक यादीत असतील तर वाचकाचा गोंधळ होऊ नये म्हणून एपीए आद्याक्षरं मागते आणि झोटेरो ती घालतं. अडचण अशी की एकाच व्यक्तीचं नाव एका नोंदीत 'पाटील, एस.' आणि दुसरीत 'पाटील, एस. आर.' असं आलं असेल तर झोटेरोच्या लेखी ती दोन माणसं ठरतात. पाटील, जाधव, शिंदे, कुलकर्णी अशी आडनावं असलेल्या यादीत हे हमखास होतं.

लायब्ररीत आडनाव शोधा, त्या व्यक्तीच्या सगळ्या नोंदी एकाखाली एक पाहा आणि नाव सगळीकडे एकाच रूपात करा, शक्यतो सर्वांत पूर्ण रूपात. मग वर्डमध्ये रिफ्रेश करा, आद्याक्षरं जातात. मात्र त्या खरोखरच दोन वेगळ्या व्यक्ती असतील तर आद्याक्षरं बरोबर आहेत, त्यांना हात लावू नका.

याच जागी आणखी एक गोष्ट तपासा. आपल्याकडे कागदोपत्री आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं किंवा पतीचं नाव असा क्रम असतो. लेखकाने जर्नलच्या अर्जात नाव त्याच क्रमाने भरलेलं असेल तर प्रकाशकाच्या नोंदीत वडिलांचं नाव आडनाव म्हणून बसतं आणि झोटेरो तेच उचलतं. मूळ लेखाचं पहिलं पान उघडून पाहिल्याशिवाय ही चूक कळत नाही. लेखकाच्या दृष्टीने ती फार जिव्हारी लागणारी असते, कारण त्याचं काम दुसऱ्याच नावाखाली जातं.

संस्थेचं नाव उलटंसुलटं होतं

'इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्च' लेखक म्हणून टाकलं आणि यादीत 'रिसर्च आय. सी. एम.' छापून आलं, तर लेखकाची जागा दोन रकान्यांत भरली गेली आहे. झोटेरोने शेवटचा शब्द आडनाव मानला आणि बाकीच्यांची आद्याक्षरं काढली. लेखकाच्या ओळीशेजारी एक रकाना आणि दोन रकाने असं अदलाबदल करणारं छोटं बटण असतं. ते दाबून एकच रकाना करा आणि पूर्ण नाव त्यात लिहा. जागतिक आरोग्य संघटना, मंत्रालयं, संशोधनगट या सगळ्यांना हेच लागू.

शीर्षकातली मोठी-लहान अक्षरं

काही प्रकाशकांच्या नोंदींत प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं असतं, काहींत फक्त पहिल्या शब्दाचं. यादीत दोन्ही मिसळतात आणि ती विस्कटलेली दिसते. झोटेरोची स्टाइल लहान अक्षरांतलं शीर्षक मोठ्या अक्षरांत आपोआप नेऊ शकते. उलट दिशेचं काम तिच्यावर सोडता येत नाही, कारण कुठला शब्द विशेषनाम आहे हे तिला कळत नाही. म्हणून लायब्ररीत शीर्षकं नेहमी सेंटेन्स केसमध्येच, म्हणजे फक्त पहिला शब्द आणि विशेषनामं मोठ्या अक्षराने, ठेवा. शीर्षकावर राइट क्लिक, ट्रान्सफॉर्म टेक्स्ट, सेंटेन्स केस. त्यानंतर डोळ्यांनी एकदा वाचा, कारण डीएनए, आरएनए, जनुकांची नावं, गावांची नावं या रूपांतरात लहान होऊन बसलेली असू शकतात.

संदर्भ इंग्रजीत नसेल, उदाहरणार्थ मराठी नियतकालिकातला लेख, तर नोंदीतल्या लँग्वेज रकान्यात मराठीचा दोन अक्षरी कोड, एम आणि आर, भरा. मोठी अक्षरं मागणारी स्टाइल मग रोमन लिपीत लिहिलेल्या मराठी शीर्षकाचा प्रत्येक शब्द फुगवणार नाही.

प्रजातींची लॅटिन नावं तिरक्या अक्षरांत हवी असतात. ती वर्डच्या यादीत तिरकी करू नका. नोंदीच्या शीर्षकात नावाआधी कोनी कंसात छोटा आय आणि नावानंतर कोनी कंसात तिरकी रेघ व आय लिहा. रासायनिक सूत्रातला खालचा आकडाही असाच, फक्त आयच्या जागी 'सब' लिहायचं.

जर्नलचं नाव कुठे पूर्ण, कुठे संक्षिप्त

यामागे दोन कारणं असतात. पहिलं, नोंदीतला 'जर्नल ॲब्र' हा रकाना काही नोंदींत भरलेला, काहींत रिकामा. दुसरं, वर्डमधल्या झोटेरोच्या डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमध्ये मेडलाइन या वैद्यकीय सूचीतली संक्षिप्त रूपं वापरण्याचा पर्याय. तो चालू असेल तर झोटेरो स्वतःच्या तक्त्यातून रूपं घेतं आणि तुमच्या रकान्याकडे पाहत नाही. तक्त्यात नसलेल्या भारतीय जर्नलांच्या बाबतीत मग अपेक्षेपेक्षा वेगळं रूप छापलं जातं. वैद्यकीय विषयाची, सगळी पबमेडमधली यादी असेल तर पर्याय चालू ठेवा. शेती, भूशास्त्र, समाजशास्त्र अशा मिश्र यादीसाठी तो बंद करा आणि रकाने स्वतः भरा.

भरताना पूर्णविरामांसह भरा: 'इंडियन जे. मेड. रेस.' पूर्णविराम नको असलेली स्टाइल ते काढून टाकू शकते, नसलेले आणू शकत नाही. ज्या जर्नलचं नाव एकाच शब्दाचं आहे, जसं नेचर किंवा सायन्स, ते संक्षिप्त होत नाही. तिथे रकान्यात पूर्ण नावच लिहा.

खंड, पान किंवा साल चुकीचं

लेख 'ऑनलाइन फर्स्ट' असताना लायब्ररीत आला असेल तर त्या वेळी त्याला खंड नव्हता, पानं नव्हती, आणि साल ऑनलाइन आल्याचं होतं. पुढे तो अंकात छापला गेला, पण तुमची नोंद आपोआप बदलत नाही. प्रीप्रिंटचं, म्हणजे समीक्षणाआधी ऑनलाइन ठेवलेल्या प्रतीचंही तसंच: बायोआर्काइव्हवरची प्रत नोंदवलेली असते आणि मधल्या काळात लेख समीक्षणातून जाऊन जर्नलमध्ये आलेला असतो. सबमिशनआधी खंडाचा रकाना रिकामा असलेल्या सगळ्या नोंदी काढा. झोटेरोच्या यादीत वर व्हॉल्यूमचा स्तंभ चालू करून त्यावर क्रम लावला की रिकाम्या नोंदी एकत्र येतात. मग प्रत्येकीचा डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक, उघडून आजची माहिती पाहा.

काही ऑनलाइन जर्नलांत पानं नसतात, लेखाला क्रमांक असतो. प्लॉस वनमध्ये तो 'ई' अक्षराने सुरू होतो. हा क्रमांक पेजेस रकान्यात लिहा. पीडीएफवरचं '१ ते १४' हे त्या फाइलमधल्या पानांचं मोजमाप आहे, ते तिथे येता कामा नये. आणि पृष्ठांची जोडी नेहमी पूर्ण लिहा, २८४ ते २८७ अशी. व्हँकुव्हर या क्रमांकांच्या पद्धतीला हवं असलेलं '२८४-७' स्टाइल स्वतः बनवते.

सालाच्या जागी 'एन.डी.' आलं तर डेट रकाना रिकामा आहे. तारीख भरताना साल आधी, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवा. ०३/०४/२०१९ म्हणजे मार्च की एप्रिल, हे संगणकाला ठरवता येत नाही.

डीओआय रकान्यात १० पासून पुढचा भागच ठेवा. पीडीएफमधून कॉपी करताना वाक्याचा शेवटचा पूर्णविरामही सोबत येतो आणि दुवा उघडत नाही. बाकी डीओआय डॉट ऑर्गचा पत्ता पुढे लावायचा की नुसतं 'डीओआय' लिहायचं, हे स्टाइल ठरवते. नोंदी नव्याने आणताना झोटेरोच्या जादूच्या कांडीच्या चिन्हावर डीओआय टाकून आणणं सर्वांत खात्रीचं. गूगल स्कॉलरमधून निर्यात केलेल्या नोंदींत डीओआय नसतो आणि बाकी रकानेही अर्धवट असू शकतात.

प्रत्येक डीओआय एकदा उघडून पाहण्याचं आणखी एक कारण हल्ली निर्माण झालंय. एआयच्या मदतीने मिळवलेल्या संदर्भांत लेखक खरे, जर्नल खरं आणि लेखच अस्तित्वात नाही असे प्रकार होतात. दुवा उघडला, शीर्षक जुळलं, तरच संदर्भ ठेवा. तसंच लेख मागे घेतला गेला असेल तर झोटेरो त्या नोंदीवर लाल खूण दाखवतं. ती माहिती मागे घेतलेल्या लेखांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या यादीतून येते. ती खूण दिसली की थांबा आणि मागे घेण्याचं कारण वाचा.

नोंद सुधारली, तरी वर्डमध्ये बदल नाही

आता वर्डच्या फाइलकडे. सायटेशन घालताना झोटेरो त्या संदर्भाची माहिती फाइलमध्येही साठवून ठेवतं. ते सायटेशन सहलेखकाने त्याच्या वैयक्तिक लायब्ररीतून घातलं असेल, किंवा तुम्ही नोंद काढून टाकून पुन्हा आणली असेल, तर फाइलमधल्या सायटेशनचा तुमच्या नोंदीशी संबंध उरत नाही. फाइलमधली जुनी माहितीच छापली जाते. सायटेशनवर क्लिक करून ॲड/एडिट सायटेशन उघडा आणि संदर्भाच्या निळ्या चौकटीवर क्लिक करा. तिथे लायब्ररीत उघडण्याचं बटण नसेल तर संबंध तुटलेला आहे. तो संदर्भ काढून स्वतःच्या लायब्ररीतून पुन्हा घाला. तीन-चार लेखक मिळून लिहीत असतील तर पहिल्या दिवसापासून ग्रुप लायब्ररी करा आणि सगळ्यांनी तिच्यातूनच सायटेशन घाला. नंतर जोडणी करायला फार वेळ जातो.

दुसरं कारण गोठलेलं सायटेशन. मजकुरातलं सायटेशन हाताने बदललं की पुढच्या रिफ्रेशला झोटेरो विचारतं, 'हा बदल ठेवायचा का? ठेवला तर पुढे अपडेट होणार नाही.' घाईत 'येस' दाबलं की ते सायटेशन कायमचं गोठतं. यादी बदलते, क्रमांक सरकतात, ते मात्र जुनाच आकडा धरून बसतं. ते खोडून नव्याने घाला. 'पाटील (२०१९) यांनी दाखवल्याप्रमाणे' असं लिहायचं असेल तर सायटेशनमधलं नाव खोडू नका. चौकटीवर क्लिक करून लेखक वगळण्याची खूण करा आणि नाव वाक्यात स्वतः टाइप करा. एडिट बिब्लिओग्राफीच्या खिडकीत एखादी नोंद बदलली तर तीही अशीच गोठते, म्हणून ती खिडकी फक्त मजकुरात न आलेला संदर्भ यादीत घालायचा असेल तेव्हाच वापरावी.

तिसरं कारण, कुणीतरी कंसातला आकडा थेट टाइप केलेला असतो. दिसायला तो इतरांसारखाच, पण झोटेरोला तो दिसत नाही. सगळे एका नजरेत सापडण्यासाठी वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, तिथे 'शो डॉक्युमेंट कंटेंट' या भागात फील्ड शेडिंग 'ऑलवेज' करा. खरी सायटेशन्स राखाडी दिसतील, टाइप केलेले आकडे पांढरेच राहतील. एंडनोट हे झोटेरोसारखंच दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या सहलेखकाची सायटेशन्सही राखाडी दिसतात. ती ओळखायला ऑल्ट आणि एफ९ दाबून फील्डचा कोड उघडा. ज्यात झोटेरोचं नाव नाही ती पुन्हा घालावी लागतील. पुन्हा ऑल्ट-एफ९ दाबलं की नेहमीचं दृश्य परत येतं.

ट्रॅक चेंजेस चालू असताना खोडलेलं सायटेशन प्रत्यक्षात फाइलमध्येच असतं. झोटेरो ते मोजतं, म्हणून यादीत असा संदर्भ उरतो जो मजकुरात कुठेच दिसत नाही, आणि मधला एखादा क्रमांक गायब वाटतो. ते खोडणं 'ॲक्सेप्ट' करा आणि रिफ्रेश करा.

फाइल गूगल डॉक्समध्ये किंवा लिबरऑफिसमध्ये उघडून परत आणली की जोडणी तुटते. नेण्याआधी डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमधला 'स्विच टु अ डिफरंट वर्ड प्रोसेसर' हा पर्याय वापरा. त्याने फाइलचं तात्पुरतं रूप बनतं. पलीकडे उघडून तिथल्या झोटेरोतून रिफ्रेश केलं की सगळं पुन्हा जिवंत होतं.

एकच लेख यादीत दोनदा

क्रमांक ७ आणि क्रमांक १९ एकच निघतात, किंवा एपीएत विनाकारण २०१९ ए, २०१९ बी येतं. लायब्ररीत त्या लेखाच्या दोन नोंदी आहेत. त्यातली एक डिलीट करू नका, त्याने वरचाच तुटलेल्या जोडणीचा त्रास सुरू होतो. डुप्लिकेट आयटम्समध्ये जाऊन दोन्ही मर्ज करा. मर्ज केल्यावर जुन्या नोंदीवरची सायटेशन्सही नव्या नोंदीकडे वळतात. एक प्रत ग्रुप लायब्ररीत आणि एक वैयक्तिक लायब्ररीत असेल तर मात्र मर्ज होत नाही. वैयक्तिक प्रतीवरची सायटेशन्स शोधून ग्रुपमधल्या प्रतीने बदला.

तक्त्यांमधले क्रमांक

क्रमांक पद्धतीच्या जर्नलांत ही चूक समीक्षकांच्या हमखास लक्षात येते. आयसीएमजेई या वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या शिफारशींप्रमाणे फक्त तक्त्यात किंवा आकृतीच्या मथळ्यात आलेल्या संदर्भाला, त्या तक्त्याचा किंवा आकृतीचा मजकुरात जिथे पहिल्यांदा उल्लेख येतो तिथला क्रमांक मिळायला हवा. पण तक्ते फाइलच्या शेवटी ठेवायची पद्धत असते, आणि झोटेरो फाइलमधला क्रम पाहतं. त्यामुळे तक्ता १ मधल्या संदर्भांना ४५, ४६, ४७ असे शेवटचे क्रमांक मिळतात.

लिहिताना तक्ता त्याच्या पहिल्या उल्लेखाच्या परिच्छेदाखालीच ठेवा. क्रमांक नीट लागल्यावर, अंतिम प्रतीत सायटेशन्स अनलिंक करून मगच तक्ते शेवटी हलवा. तक्ते वेगळ्या फाइलमध्ये मागितले असतील तरी हाच क्रम. तक्ते आणि मथळे टेक्स्ट बॉक्समध्ये टाकू नका, त्यातल्या सायटेशन्सचा क्रम हमखास चुकतो.

स्टाइलच चुकीची असेल तेव्हा

किती लेखकांनंतर 'एट अल' (आणि इतर) यायचं हे स्टाइलचं काम आहे. व्हँकुव्हर पद्धतीच्या नेहमीच्या नमुन्यात पहिले सहा लेखक आणि मग एट अल. २०१९च्या सातव्या आवृत्तीपासून एपीएच्या यादीत वीसपर्यंत सगळे लेखक. जर्नलच्या सूचना कधीकधी जुन्या असतात, म्हणून त्याच जर्नलच्या ताज्या अंकातले दोन-तीन लेख उघडून त्यांच्या याद्या ताडून पाहा. तुमच्या जर्नलची स्टाइल झोटेरोच्या संग्रहात नसेल तर सर्वांत जवळची उतरवून घ्या आणि झोटेरोच्या सेटिंग्ज, साइट (सी-आय-टी-ई), स्टाइल एडिटर इथे बदला. सहानंतर एट अल हवं असेल तर 'एट-अल-मिन' ७ आणि 'एट-अल-यूज-फर्स्ट' ६ असं ठेवतात. बदललेल्या स्टाइलचं शीर्षक आणि आयडी दोन्ही नवीन द्या. नाही दिलं तर संग्रहातली मूळ स्टाइल अपडेट होताना तुमचा बदल पुसून टाकेल.

कंसातल्या क्रमांकांवरून वर चढवलेल्या क्रमांकांकडे गेलात तर विरामचिन्हांकडे लक्ष द्या. क्रमांक पूर्णविरामाआधी की नंतर, आधी जागा सोडायची की नाही, हे तुमच्या मजकुरात असतं. स्टाइल बदलली तरी पूर्णविराम जागचा हलत नाही. तो शोधून हाताने हलवावा लागतो, आणि हे काम अगदी शेवटी करावं. लागोपाठ [३][४] असं दिसत असेल तर ती दोन वेगळी सायटेशन्स आहेत. एक खोडा, उरलेलं उघडा आणि दुसरा संदर्भ त्यातच घाला, [३,४] होईल.

यादीचा फॉन्ट किंवा ओळींतलं अंतर रिफ्रेशनंतर बदलत असेल तर यादी निवडून फॉन्ट लावू नका. वर्डच्या स्टाइल्समधली 'बिब्लिओग्राफी' ही परिच्छेद-स्टाइल मॉडिफाय करा. झोटेरो यादी लिहिताना तिलाच धरून चालतं.

पाठवण्याची प्रत

सगळं तपासून झालं की फाइल 'सेव्ह ॲज'ने वेगळ्या नावाने साठवा आणि त्या प्रतीतच अनलिंक सायटेशन्स करा. अनलिंक केल्यावर परत फिरता येत नाही. जर्नलच्या सिस्टीममध्ये पीडीएफ बनताना फील्ड बिघडण्याची भीती या प्रतीमुळे राहत नाही, आणि एखाद्या नोंदीत स्टाइलला न जमणारा बदल हाताने करायचाच असेल तर तो करायची हीच जागा. समीक्षकांचे शेरे आले की सुधारणा जिवंत प्रतीत करायच्या. हाताने केलेले बदल एका छोट्या टिपणात लिहून ठेवले असतील तर दुसऱ्या फेरीच्या प्रतीत ते दहा मिनिटांत पुन्हा घालता येतात.